हात दिसला की ब्रेक

श्रावण तायड्यांच्या उजव्या पायाला एक खोड आहे, आणि ती कुठल्याही डॉक्टरच्या हातून जायची नाही. रस्त्याच्या कडेला माणसाचा हात वर झालेला दिसला की तो पाय थेट ब्रेकवर जातो. डोक्याला विचारत नाही, बायकोला तर नाहीच नाही. अख्खी नोकरी एसटीची लाल गाडी हाकण्यात गेली. हात दाखवा, गाडी थांबवा, हाच धर्म. मग एक दिवस डेपोने हार घातला, नारळ दिला आणि श्रावणराव रिटायर झाले. पाय मात्र अजून ड्युटीवर आहे.

त्यांची बायको जाईबाई याच खोडीतून घरात आली. ती सांगते, "कापूस वेचून येता येता मी यायच्या गाडीले हात केला होता. थांबवली यायनं. तवापासून बसली ते बसलीच, अजून उतरली नाई मी." हे ती पाहुण्यांपुढे सांगते आणि श्रावणराव मिशीत हसतात. मग ती दुसरं वाक्य हाणते. "रस्त्यावरचा हात यायले कोसावरून दिसते. मी चहाचा कप घेऊन समोर उभी रायली तर दिसत नाई." यावर श्रावणराव कप घेतात आणि चहा फुंकू लागतात. शहाणा माणूस.

यांचं गाव परतवाड्याच्या वर, सातपुडा सुरू होतो तिथे धरणाच्या काठाला आहे. धरणाचं पाणी एका जागी डोंगराच्या कुशीत शिरून असं काही वळलंय की बघणाऱ्याने पाहतच राहावं. गावची माणसं त्याला वाकण म्हणतात. पाण्याच्या काठाकाठाने रस्ता जातो. एका अंगाला सागवान, दुसऱ्या अंगाला पाणी, मधूनच संत्र्याचा एखादा बगीचा. दसऱ्यानंतरच्या दिवसांत तुरीला पिवळा फुलोरा येतो, कपाशी फुटते, आणि संध्याकाळी सूर्य बरोबर वाकणाच्या तोंडाशी बुडतो. गावातल्या लोकांना याचं काही कौतुक नव्हतं. रोजचंच आहे, त्यात काय पाहायचं?

कौतुक केलं ते श्रावणरावांच्या लेकीने, संध्याने. ती पुण्याला एका पर्यटनाच्या ऑफिसात होती. एक दिवस बॅग घेऊन घरी आली आणि म्हणाली, "आई, आपल्या दारात एवढं पाणी आहे, अन् मी तिकडं लोकांना दुसऱ्याच्या तळ्याचे फोटो विकून राहिली." तिने घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. बापाने सेकंडहँड घेऊन ठेवलेली कमांडर जीप हिरवी रंगवली आणि मोबाईलवर अन् जीपच्या दारावर जाहिरात टाकली. 'वाकणाची फेरी. तळ्याच्या काठाने निवांत सफर. गाडी फक्त तुमच्यासाठी.'

शेवटचं वाक्य लिहिताना पोरीने बापाच्या पायाचा विचार केला नाही, इथेच घोटाळा झाला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते नागपूरचं नवं जोडपं. आंब्याच्या वळणावर गंगूबाईने हात केला. गंगूबाई म्हणजे भोयांच्या वस्तीतली म्हातारी, गावातली निम्मी पोरं तिच्याच हातची न्हालेली. श्रावणरावांनी गाडी थांबवली, आणि म्हातारी सीताफळांची टोपली घेऊन नवरा-नवरीच्या बरोबर मधे बसली. पूर्ण रस्ताभर तिने नवरीला सासूशी कसं वागायचं ते सांगितलं. पुढच्या खेपेला बँकेतल्या साहेबाच्या मांडीवर कोंबडी आली. त्याच्या पुढच्या खेपेला बकरी. माणसं उतरताना गाडीत दोन वांगी नाहीतर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी ठेवून जायची आणि मागच्या पत्र्यावर दोन थापा मारायची. ती कंडक्टरची डबल बेल. तिच्याशिवाय श्रावणराव गिअर टाकत नसत.

पाहुण्यांनी मोबाईलवर लिहिलं, 'निसर्ग सुंदर. शांतता मिळाली नाही. बकरी होती.' आणि हळूहळू खोल्या रिकाम्या पडू लागल्या.

संध्याने दिवाळीपर्यंतची मुदत ठरवली होती. चाललं तर ठीक, नाहीतर पुणं. तिथल्या साहेबांनी तिची खुर्ची तोवर राखून ठेवली होती. श्रावणरावांना ते ठाऊक होतं. पोरगी घरी आल्यापासून त्यांना भाकरी गोड लागत होती, ती परत गेली असती तर घर खायला उठलं असतं. पण 'बाई, जाऊ नको' एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडातून निघेनात. कमावत्या पोरीला बापाने अडवू नये, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

अशात अमरावतीच्या एका टूर कंपनीच्या मंजुषा मॅडमचा फोन आला. ही कंपनी लोकांना सेमाडोहला वाघ दाखवायला नेते. आता वाघ काही कुणाचा नोकर नाही, तो दिसतोच असं नाही. मग रुसलेलं गिऱ्हाईक घरी नेण्याआधी त्याला काहीतरी बरं दाखवावं लागतं. तळं कधी दांडी मारत नाही. मॅडम म्हणाल्या, "मी उद्या स्वतः येऊन फेरी मारते. आवडली तर सगळा सीझन पाहुणे तुमच्याकडे पाठवते. पण ते बकरीचं मी वाचलंय हं."

संध्याने फोन ठेवला आणि बापासमोर येऊन बसली. "बाबा, उद्या एकालेही बसवायचं नाही. यावर सगळं आहे."

"बरं," श्रावणराव म्हणाले.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे नाई बसवत."

बोलून तर बसले, पण आपल्या पायाला त्यांच्याइतकं कोण ओळखत होतं? हात दिसला तर पाय ब्रेक दाबणार, म्हणजे हात दिसताच कामा नये. तेव्हा श्रावणरावांनी लुना काढली आणि दिवस मावळायच्या आत अख्ख्या वाकणाला चक्कर मारली. पारावर, घाटावर, वेचणीच्या शेतात, भोयांच्या वस्तीत जाऊन एकच सांगितलं. "उद्या माही गाडी दिसली तर हात करू नोका."

"काहून गा? कोन येऊन राहिलं?" घाटावर जाळं सोडवत बसलेल्या बुधाजीने विचारलं.

"मोठ्या मॅडम हायेत. पोरीचं काम हाय."

झालं. गाव ते गाव. चुलीवरचं कालवण उतरायच्या आत मॅडमची कलेक्टर झाली, पुढच्या वस्तीत सिनेमावाली झाली, आणि पार पलीकडच्या काठाला श्रावणभाऊचं लायसन काढून घ्यायला कोणी बाई येऊन राहिली अशी बातमी पोचली. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. संध्या आपली पोरगी आहे, तिचं काम झालं पाहिजे. हात करायचा नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मॅडम आल्या. पस्तिशीच्या, हसऱ्या, पायात बूट. सोबत फोटो काढायला नितेश नावाचा तरुण. दोघं मागे बसले, संध्या पुढे बापाशेजारी बसली. आज पत्र्यावर थाप मारायला कोणी नव्हतं, त्यामुळे गाडी सोडताना श्रावणरावांना उगाच चुकल्यासारखं झालं.

पहिलं वळण झकास गेलं. पाण्यात वठलेली झाडं उभी होती, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. नितेशने फोटो काढले. संध्या छान माहिती देत होती. श्रावणराव मनात म्हणाले, जमलं बुवा.

मग घाट आला. घाटावर बुधाजी उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, जो तो फक्त लग्नाला घालतो, आणि दोन्ही हात खिशात खुपसलेले. गाडी समोरून गेली तसा तो मान ताठ ठेवून डोळ्यांनीच राम राम म्हणाला.

पुढे कपाशीच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वेचणाऱ्या बाया ओळीने उभ्या. सगळ्यांचे हात पदराखाली. त्यापुढे शाळेची पोरं, हाताची घडी घालून, मास्तरांनी उभं केल्यागत. पारावर म्हातारे बसलेले, त्यांनी तर हात मांडीखालीच घातले होते. एकाच्या नाकावर माशी बसली होती, बिचारा नाक वाकडं करकरून तिला हाकलत होता, पण हात काही काढला नाही. पठ्ठ्या शब्दाचा पक्का.

मंजुषा मॅडम पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "संध्या, गावात कोणी वारलं का?"

"नाही मॅडम."

"मग ही माणसं अशी का उभी आहेत?"

संध्याने बापाकडे पाहिलं. श्रावणरावांनी रस्त्याकडे पाहिलं. नितेश कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "प्रत्येक फोटोत कोणीतरी सावधान उभं आहे."

संध्याला सगळं एका क्षणात कळलं आणि तिने कपाळाला हात लावला. हसावं की रडावं ते तिलाही कळेना. "बाबा, तुमी काल लुना घेऊन कोठी गेलते?"

"पेट्रोल टाकाले," श्रावणराव म्हणाले. त्यांना धड खोटंही बोलता येत नाही.

आणि मग आंब्याचं वळण आलं.

वळणावरच्या दगडावर गंगूबाई बसली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, पायाशी फडक्याने झाकलेली टोपली. गुडघ्याला वाताची पट्टी. श्रावणरावांना एकदम आठवलं, आज पलीकडच्या काठाला तिच्या नातीच्या घरी बारसं. म्हातारीने पणतवासाठी घुगऱ्या केल्या असणार, त्या घेऊन निघाली असणार. इथून पलीकडं जायचं म्हणजे अर्धं वाकण वळसा घालून तुडवायचं. त्या रस्त्याला एसटी येत नाही. येते ती श्रावणची जीप.

गाडी जवळ आली. गंगूबाईने हात केला नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली आणि गाडीकडे बघायलाच नको म्हणून तिने तोंड पाण्याकडे फिरवलं.

हात नव्हता, तर पाय ब्रेकवर गेला नाही. गाडी म्हातारीसमोरून निघून गेली.

आरशात त्यांना दिसलं, गंगूबाई उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि लंगडत चालू लागली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला रस्त्यावर सोडलं नव्हतं. गाडी भरलेली असली तर लोकांना शिव्या घालून सरकवलं, पण घेतलं. आणि आज ज्या बाईने हात करायचा तिला आपणच जाऊन सांगून आलो की हात करू नको. तिनेही ऐकलं. त्यांना स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. पण पोरीला शब्द दिला होता. थांबावं तर पोरगी पुण्याला जाते, न थांबावं तर हे असं. त्यांनी स्टिअरिंग आवळून धरलं आणि डोळे भरून आले तशी गाडी आणखी हळू झाली.

संध्यानेही आरशात पाहिलं होतं. याच म्हातारीने तिला पायावर घेऊन न्हाऊ घातलेलं. संध्याने फक्त हात वर केला. फाट्यावर उभं राहून करतात तसा, काचेसमोर, सरळ.

कचकन ब्रेक लागला. नितेशचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, मॅडमची टोपी खाली पडली. संध्याचा हात अजून वरच होता.

"रिवर्स घ्या बाबा," ती म्हणाली.

श्रावणरावांनी गाडी अशी मागे घेतली की डेपोतल्या साहेबाने मेमो दिला असता. गंगूबाई थांबली, पण बसेना. "नाई रे श्रावणा. पोरीचं काम हाय म्हनला होतास. मी हात केला का? नाई केला. मंग काहून थांबला?"

"मी केला," संध्या खाली उतरून म्हणाली. "बस आता."

म्हातारी चढली. मंजुषा मॅडम आणि नितेश यांच्या मधे बसली, कारण तिला मधेच बसायची सवय. घुगऱ्यांचा वास गाडीभर पसरला. तिने मॅडमना निरखून पाहिलं आणि विचारलं, "कलेक्टर तूच का वं?"

मग लपवायला काही उरलंच नाही. संध्याने सगळं सांगून टाकलं, बापाचा पाय, लुना, हात न करायचा हुकूम. मॅडम हसू लागल्या त्या थांबेनात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बारशाचं घर बरोबर पाण्याच्या काठाला. म्हातारीला सोडून निघायचं म्हटलं तर वऱ्हाडात तसं निघता येतं का कुणाला? दारात आलेला माणूस घुगऱ्या न खाता गेला तर घरच्यांनी कुणाला तोंड दाखवायचं? अंगणात पाळणा सजला होता, पण बायका खोळंबल्या होत्या. पोराचा बाप शिवम एकुलता एक, त्याला सख्खी बहीण नाही. अकोल्याची चुलतबहीण प्राजक्ता नाव ठेवायला येणार होती, तर ती तापाने पडली. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार?

गंगूबाईने टोपली खाली ठेवली आणि मंजुषा मॅडमकडे बोट केलं. "हे हाय ना. हेच आत्या."

"मी? अहो, मी तर गाडी बघायला आले होते."

"गाडी पाहून झाली ना? मंग ये."

मॅडमचे बूट दारात निघाले. पोराच्या आईने कानात नाव सांगितलं. मॅडमनी पाळण्यावर वाकून कुर्र केलं आणि पोराच्या कानात 'शौर्य' म्हटलं. त्यांना पुढचं माहीत नव्हतं की विसरल्या होत्या कोण जाणे, पण नाव ठेवताच सगळ्या बायकांनी मिळून आत्याच्या पाठीत बुक्के घातले. रीतच आहे ती. गंगूबाईचा बुक्का सगळ्यांत सणसणीत बसला. हात दिवसभर बांधून ठेवला होता ना म्हातारीने. मॅडम पाठ चोळत हसत होत्या, आणि मागे वाकणाच्या तोंडाशी सूर्य पाण्यात उतरत होता. नितेशने घुगऱ्यांचा द्रोण बाजूला ठेवून फोटो काढला. त्या फोटोत कोणीही सावधान उभं नव्हतं.

परतताना जीपमध्ये आणखी चार जण बसले होते. घर आल्यावर मंजुषा मॅडम संध्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुला खोटं सांगत नाही. मला आजच्यासारखी मजा कित्येक वर्षांत आली नाही. पण आमचं गिऱ्हाईक रिकामी गाडी मागतं, आणि मी नोकरी करते. हे मला कार्यक्रमात घालता येणार नाही."

"समजलं मॅडम," संध्या म्हणाली. तिचा चेहरा उतरला, पण तिने हसून निरोप दिला.

त्या रात्री ताटावर श्रावणरावांनी भाकरी बाजूला सारली. "माह्यामुळं झालं बाई. तुह्या पोटावर पाय देला मी."

"तुमी कुठं थांबवली? हात तर मी केला."

"मंग आता? पुणं?"

संध्या भाकरी मोडत राहिली. जाईबाईने नवऱ्याला कोपराने ढोसलं. आणि इतके दिवस अडकून बसलेलं ते श्रावणरावांच्या तोंडून एकदाचं निघालं. "जाऊ नोको. मले करमत नाई तुह्याबिगर."

संध्याने मान वर केली. "एवढंच बोलाले इतके महिने लागले बाबा तुमाले? नाही जात मी. मले तरी कुठं करमते तिकडं?" मग डोळे पुसत म्हणाली, "चूक आपली गाडीत नव्हती, जाहिरातीत होती. उद्या ती बदलून टाकते."

जाईबाई म्हणाली, "चला, आता जेवा. वांग्याची भाजी थंडी होऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी जीपच्या दारावरचं 'गाडी फक्त तुमच्यासाठी' पुसलं गेलं. त्या जागी संध्याने स्वतःच्या हाताने रंगवलं, 'वाटेत माणसं बसतील. चालत असेल तर या.' वाचून काही लोक फोन ठेवून देऊ लागले. काही मात्र मुद्दाम येऊ लागले, आणि कोंबडी आली नाही तर नाराज होऊन जाऊ लागले. खोल्या भरभरून वाहत नाहीत, पण रिकाम्याही नसतात. पुण्याची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्याचं भलं होवो.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दिवशी श्रावणराव आणि संध्या बाजार करून परतत होते. फाट्यावर एसटी नुकतीच कुणाला तरी उतरवून गेली होती, धूळ अजून खाली बसली नव्हती. त्या धुळीत एक बाई हात वर करून उभी होती. शेजारी एक म्हातारी, पिशव्या, आणि खेळण्यातला लाकडी घोडा.

पाय ब्रेकवर गेला. मंजुषा मॅडम होत्या.

"कंपनीची गाडी कुठे गेली मॅडम?" संध्याने विचारलं.

"कंपनी नाही आली. आत्या आली आहे," मॅडम म्हणाल्या. "शौर्यचे कपडे आणलेत, शिवमला ओवाळायचं आहे. ही माझी आई. तिला म्हटलं, हात केला की थांबणारी गाडी दाखवते, तर तिला खरंच वाटेना."

म्हातारी आईने जीपकडे पाहिलं, दारावरचं वाचलं आणि म्हणाली, "पण माणसं कुठायत?"

"बसतील ना आजी," श्रावणराव म्हणाले. "आंब्याचं वळण तर येऊ द्या."

सगळे चढले. घोडा संध्याच्या जागेवर बसला, म्हणून ती मागच्या पायरीवर उभी राहिली. श्रावणराव गिअरवर हात ठेवून थांबले होते. संध्याने पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि गाडी सुटली.